फटफटीची पहिली चक्कर

अबे, चहा ठेव खाली अन् आधी ऐक, आज घरी काय झालं ते! बाबाची जुनी फटफटी आंगणात खोलून बसलो होतो न मी? इंजिन, कार्बोरेटर, सारं चकाचक केलं, तरी चालू होऊनच नाई राह्यली. बाबा म्हणे, "आज नाई झाली त भंगारात देतो." अन् खरंच बोलावला ना भंगारवाल्याले! त्यानं हँडल धरलं.

मी म्हटलं, "भाऊ, एक किक मारू दे."

तो म्हणे, "मार, मार. मलेबी अंत्यदर्शन घेऊ दे."

मारली! धाडकन आवाज, अन् सायलेन्सरातून मातीचा गोळा सीधा बाबाच्या इस्तरीच्या शर्टावर! कुंभारीण माशीनं आत घर बांधलं होतं बे, अन् मी इंजिन खोलून राह्यलो होतो! पण गाडी झाली ना चालू! मी त नाचूनच राह्यलो.

बाबा शर्ट झटकत आले. "सरक. पहिली चक्कर माही."

जे गेले, ते सीधा बल्लारपूरहून फोन. "इथी सारे विचारून राह्यले, कोणं दुरुस्त केली म्हणून. मी सांगतलं, मीच केली!"

आता सांग, तू काय केलं असतं?