पणजोबांनी नाकारलेला पेला

आखातातल्या गुदैबियाच्या कॅफेटेरियात मी पार्सलसाठी थांबले होते. शेजारच्या टेबलावर एक बहीण-भाऊ कडक, दुधाळ करक चहा पीत होते.

"ताई, पणजोबा सापडले. लूथरन मिशनच्या जुन्या मासिकात. जर्मन आहे, पण मोबाइलवर भाषांतर केलं."

"खरंच, विनय? शाळा सुरू केली, ते लिहिलंय?"

"नाही. चर्चने शिक्षा म्हणून त्यांना सहा महिने प्रभुभोजन बंद केलं होतं, ते लिहिलंय."

"आपल्या पणजोबांना? नाव बघ नीट."

"नाव, गाव, सगळं जुळतंय. प्रभुभोजनाला द्राक्षारसाचा सगळ्यांना एकच पेला होता. यांच्याआधी गावकुसाबाहेरची एक बाई प्यायली, तर हे पेला न घेताच उठले."

"बाप्तिस्मा झाल्यावर?"

"नऊ वर्षांनी. त्या बाईचंही नाव छापलंय. सारूबाई."

"शी! आणि दर ख्रिसमसला मी पोरांना त्यांचं कौतुक सांगते. लाज वाटते रे. मम्मीला कळवू नकोस हं."

"ताई, तुझ्याकडे कामाला येतात त्या मेरीअम्मा..."

"त्यांचं काय?"

"शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये आपल्याच बाकावर बसतात."

"बसतात की. मीच जागा धरते."

"काल मी चुकून त्यांच्या कपात चहा ओतून घेतला, तर तू तो माझ्या हातातून काढून घेतलास."

बहिणीने हातातला चहा टेबलावर ठेवला.

"तो कप सिंकखाली का असतो गं?"



"विनय, पणजोबांनी नंतर तरी पेला घेतला का? काही लिहिलंय?"

"पुढचा अंक सापडत नाहीये, ताई."