वॉटफर्डचा काळा घोडा

लंडनमधल्या हॅरोला डॉक्टरकडे भावना नंबरची वाट पाहत होती. शेजारी एक आजी आणि तिची नात फोनवर घोड्याचा फोटो पाहत होत्या.

"हा फ्रिझियन आहे, आजी. वॉटफर्डजवळचं एक फार्मवालं कपल विकतंय. मी घेणार."

"किती काळा गं! आणि केस तर पार्लरमधून आल्यासारखे."

"डॅड म्हणतो, घोडा नको, कार घे."

"त्याला काय कळतंय? दोन गाड्या त्यानं भिंतीवर घातल्या."

"तू कधी घोड्यावर बसला, आजी?"

"'बसलीस' म्हण. मी नाही, तुझे आजोबा बसले होते, आमच्या लग्नात. वेशीपाशी पाटलाच्या पोरांनी खाली ओढलं. मांडवात आले ते एका पायात चप्पल घालून."

"पण व्हाय?"

"आपल्या लोकांनी घोड्यावर बसायचं नसतं, म्हणून."

समोरच्या स्क्रीनवर भावनाचं नाव आलं. ती उठली नाही.

"मग आता आजोबांना फर्स्ट बसवू या."

"त्यांची कंबर गेलीय. त्यांना लगाम धरू दे, वर मी बसते. त्या फार्मवाल्या बाईला विचारून घे, नऊवारी नेसून आलं तर चालेल का."