यहूदासाठी पाठवलेले पैसे

...आणि वर मलाच म्हणते, "पस्तीस डॉलर भरा, सर!" कशाचे? तर हरवलेले पैसे शोधायचे! आता तुम्हीच सांगा मंडळी, तुमचं कोकरू मी चरायला नेलं, ते माझ्या हातून हरवलं, आणि संध्याकाळी तुमच्या दारात येऊन मी म्हणालो, शोधायला निघतोय, चपला झिजतील, तेवढे पस्तीस डॉलर काढा... तर तुम्ही काय काढाल? पायातलं काढाल! पण बँकेत पायातलं काढता येत नाही. दारात बंदूकवाला उभा असतो.

भरले. काय करतो? पस्तीस भरले, पावती घेतली, आणि विचारलं, "बाई, माझे पैसे कुठायत?" तर काउंटरवरची ती केटलिन, वीस-बावीसची असेल, माझ्या नातीएवढी, पडद्यात बघून गोड हसली आणि म्हणाली, "सर, इथून निघालेत."

इथून निघालेत! मीही इथून निघतो रोज घरी जायला, आणि पोचतो. पैशांना काय पाय दुखतात?

तर तुम्हाला सांगतो, प्रकार असा. मी फिदेन्सियो. चौतीस वर्षं झाली या सिसेरो गावात, शिकागोच्या कुशीत. लोकांच्या घरांवर छपरं घातली, गुडघे गेले, आता बसून असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चेष्टा करतो. माझं मूळ गाव तेपेयुका, तिकडं मेक्सिकोत, डोंगरात. आमच्या गावची एकेचाळीस घरं इथं सिसेरोत आहेत. आणि दरवर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी दहाला, गावच्या देवळासमोर आम्ही यहूदा उडवतो. हाच तो यहूदा, तीस नाण्यांसाठी येशूला धरून देणारा. बांबूचा सांगाडा, वर कागदाचा लगदा, पोटात फटाके न् बारूद, आणि दोरीला टांगून धडाड्धूम! खर्च एकेचाळीस घरांचा. घरटी साठ डॉलर, म्हणजे दोन हजार चारशे साठ. गोळा करणार मी, पाठवणार मी.

आणि चेहरा? हां, खरी गंमत तिथंच आहे. यहूदाला चेहरा लावायचा तो त्या वर्षी गावाला ज्यानं फसवलं त्याचा. एका वर्षी नगराध्यक्ष होता, गटाराचे पैसे घेऊन गटार न बांधणारा. गेल्या वर्षी कोण, सांगू? तिबुर्सियो! आमच्या इथल्या मंडळाचा खजिनदार. टीव्हीची सोडत काढली, तिकिटं विकली, सोडत काही झाली नाही, आणि टीव्ही मात्र याच्या बैठकीत! मीच फोन करून चेहरा सुचवला. सोन्याचा दात म्हणून चॉकलेटची चांदी लावायलासुद्धा मीच सांगितलं. काय उडाला हो... दात तर म्हणे थेट विहिरीपर्यंत गेला. तेव्हापासून तिबुर्सियो माझ्याशी बोलत नाही. म्हणजे, बोलत नव्हता.

या वर्षी राखेच्या बुधवारनंतरच्या सोमवारी, म्हणजे ईस्टरला सहा आठवडे असताना, मी बँकेत गेलो, पैसे पाठवले नाबोरच्या खात्यात. नाबोर म्हणजे गावचा फटाकेवाला, माझा कोंपाद्रे, त्याच्या थोरल्या पोरीचा बाप्तिस्म्यातला बाप मी. फॉर्म भरला. नाव, खातं, रक्कम, सगळं स्वतःच्या हातानं. तीन दिवसांत पोचतील म्हणाले. तिसऱ्या दिवशी फोन लावला.

"कोंपाद्रे, आले?"

"नाही आले. तालुक्याच्या बँकेत जाऊन आलो. बसचे चाळीस पेसो झाले, लिहून ठेवलेत."

पाचव्या दिवशी, "आले?" "नाही. ऐंशी पेसो झाले." दहाव्या दिवशी, "आले?" "नाही. दोनशे झाले, आणि एकदा भूक लागली होती, ते वेगळे."

मी केटलिनकडं. केटलिन पडद्याकडं. "सर, इथून निघालेत." नाबोर म्हणतो, इथं पोचले नाहीत. इथून निघाले, तिथं पोचले नाहीत... मग मधे आहे तरी काय? नदी आहे, वाळवंट आहे, भिंत आहे, ते सगळं मला माहीत आहे! मी स्वतः उलट्या दिशेनं ओलांडून आलोय, रात्रीचा, एका बुटानं! पण पैशाला कोण अडवणार? पैसा तर तारेतून जातो म्हणाले!

आणि इकडं तिबुर्सियोला वाचा फुटली. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर, डोनट खात, सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणतो, "काय फिदेन्सियो, नवीन गाडी कधी घेतोस? नाही, दोन हजार चारशे साठमध्ये जुनी येईल म्हणा." लोक हसले. एकेचाळीस घरं हसली! मी आजवर सगळ्यांना हसत आलो, हसणं कसं असतं ते मला चांगलं कळतं. त्यातलं निम्मं हसणं नव्हतंच. ती मोजणी होती. मंगळवारी छपरावरचा जुना जोडीदार रस्त्यात भेटला, नमस्कार केला आणि हळूच म्हणाला, "फिदे, माझे साठ राहू दे, पण बायको विचारते."

घाव इथं बसला बघा. बायको विचारते!

आणि त्याच रात्री गावाहून बहिणीचा फोन. रेफुजिया, माझी थोरली, एक्क्याऐंशीची, तिचं घर देवळाच्या अगदी समोर. म्हणाली, "फिदे, नाबोरच्या अंगणात सांगाडा उभा राहिला बरं का."

"चांगलं झालं की."

"पोट मोठं ठेवलंय."

"बारूद जास्त मावेल."

"आणि डावा खांदा खाली आहे."

मंडळी, माझा डावा खांदा खाली आहे! छपरावरून पडलो होतो त्र्याण्णव साली! मी म्हणालो, "अगं, पैसे मी पाठवलेत!" तर म्हणते कशी, "मला ठाऊक आहे रे. पण दहा वाजता माझ्या खिडकीतून दुसरं काही दिसत नाही."

दोन आठवडे राहिले होते. माझी बायको ओतिलिया म्हणाली, "म्हाताऱ्या, जाऊ दे, आपल्या औषधाच्या पैशातून भरून टाक." मी म्हणालो, अजिबात नाही! भरले तर सगळे म्हणतील, खाल्ले होते आणि घाबरून ओकले! पैसे जे निघालेत, तेच पोचले पाहिजेत. तेच! एकेक डॉलर त्याच्या वाटेनं!

दुसऱ्या दिवशी घडीची खुर्ची उचलली, कॉफीचा थर्मास घेतला, ओतिलियाच्या तमालांचं, म्हणजे मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या वड्यांचं, भांडं घेतलं, आणि नऊ वाजता बँकेत केटलिनच्या काउंटरसमोर ठाण मांडलं. बंदूकवाला आला. "आजोबा, इथं बसता येणार नाही." मी त्याला मक्याच्या पानातला गरम तमाल दिला. गेला दाराशी. दुसऱ्या दिवशी स्वतःच खुर्ची उघडून ठेवलेली, हिरव्या मिरचीचा आहे का विचारत होता. केटलिननंही खाल्ला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण रुमाल नाकाला लावून काय म्हणाली? "सर, इथून निघालेत."

आणि मग एकेक बाहेर पडायला लागलं. आधी म्हणे, खाते क्रमांक तपासा. अठरा आकडे! बरोबर. मग म्हणे, नाव तपासा. बरोबर. मग म्हणे, ते थेट जात नाहीत, मधे न्यूयॉर्कला एक बँक असते, तिथून पुढं जातात.

"अगं, गाव दक्षिणेला आणि पैसे पूर्वेला कशाला गेले?"

"सगळेच जातात, सर."

"माझे तिथं काय करतायत? उंच इमारती बघतायत?"

"सर, तिथं थांबलेत."

"का थांबलेत?"

"ते आम्हाला दिसत नाही."

पाच दिवस, तुम्हाला सांगतो, पाच दिवस बसलो! शेवटी म्हटलं, फिदेन्सियो, तू नुसता बसतोस काय? तुला देवानं तोंड कशाला दिलंय? सहाव्या दिवशी जो कोणी पैसे भरायला आला त्याच्याकडं बघून मी नुसता मायेनं हसायचो. "भरताय? भरा, भरा. छान बँक आहे. माझे पण इथून निघालेत. दुसरा महिना चाललाय." एका बाईनं वहीच मिटली. एक पिझ्झावाला रोख रकमेची पिशवी घेऊन आला होता, तो पिशवीसकट माघारी! अकराच्या आत साहेब बाहेर आला, टाय सरळ करत, मला आतल्या खोलीत बसवलं, फोन लावला, आणि म्हणाला, "ही तपासणी खात्यातली बाई आहे. काय विचारेल त्याचं खरं खरं सांगा. आणि कृपा करून उद्या येऊ नका."

फोनवर बाईचा आवाज असा, की जणू फ्रीजच बोलतोय.

"तुम्ही फॉर्मवर रक्कम कशासाठी पाठवताय ते लिहिलंय. मी वाचून दाखवते. 'बारूद. शनिवारी सकाळी दहाला देवळासमोर यहूदाला उडवायचं आहे. गर्दी असेल तेव्हाच.' हे तुम्ही लिहिलंत?"

मंडळी... लिहिलं होतं. केटलिन तेव्हाच म्हणाली होती, तो रकाना रिकामा सोडला तरी चालतो. पण मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, आणि चौथीच्या मास्तरानं रिकाम्या रकान्यामागं एक छडी असा हिशेब ठेवला होता. माझ्या हातून रकाना रिकामा सुटत नाही हो! त्यात जागा उरली, म्हणून गर्दीचं लिहिलं.

"हो, मीच," म्हणालो.

"हा यहूदा कोण? पूर्ण नाव?"

"इस्कर्योत."

टकटक टकटक, लिहून घेतलं. "राहणार?"

"मेला की तो! दोन हजार वर्षं झाली."

"मग उडवायचं कुणाला?"

"त्यालाच. दरवर्षी उडवतो."

"दरवर्षी?"

"माझ्या आज्यापासून."

मग म्हणाली, "त्याचा काही आर्थिक व्यवहार?"

"तीस चांदीची नाणी घेतली होती."

"कुणाकडून?"

"धर्मगुरूंकडून."

टकटक टकटक टकटक! समोर साहेबानं कपाळ टेबलाला लावलं. तेव्हा केटलिन आत आली. मिरचीची शपथ, ती पोर देवासारखी धावली. फोन स्पीकरवर होता, वाकून म्हणाली, "बाई, तो कागदाचा पुतळा असतो. मी कालच पाहिला, यांनी मला गेल्या वर्षीचा व्हिडिओ दाखवला. त्याला सोन्याचा दात होता."

बुधवारी दुपारी, पवित्र आठवड्यातल्या बुधवारी, तिकडच्या बँका गुरुवार-शुक्रवार बंद व्हायच्या एक तास आधी, नाबोरचा फोन. "कोंपाद्रे, आले! सगळे आले! आत्ता बारूद आणतो, फटाके आणतो. गावात ओरडून सांगितलं, फिदेन्सियो चोर नाही!"

मी खुर्चीवरून उठलो, ओतिलियाला मिठी मारली, आणि तसाच तिबुर्सियोच्या दारात गेलो. पावती त्याच्या नाकासमोर धरली. "पोचले! निघाले तेच पोचले!" तो माझ्याकडं बघून हसला. हात मिळवला. बीअर दिली! तेव्हाच मला कळायला हवं होतं.

शनिवारी सकाळी एकेचाळीस घरं तिबुर्सियोच्या त्या टीव्हीसमोर. देवळापुढचं चित्र थेट फोनवरून टीव्हीवर. पुतळा दोरीला टांगलेला. डावा खांदा खाली. पांढऱ्या मिशा. छपरावरची माझी ती निळी टोपी!

मी नाबोरला फोन लावला. "अरे मेल्या, पैसे पोचले ना!"

"पोचले ना, कोंपाद्रे."

"मग मी कशाला वर?"

"लगदा बुधवारच्या आधीच वाळला होता रे. वाळलेला चेहरा बदलत नाही, मोडावाच लागतो. तीन दिवसांत दुसरा कुठून आणू? आणि तुझ्यासाठी बघ, शेजारच्या दोन गावांतून लोक आलेत. तिबुर्सियोला एवढे नव्हते." मग आवाज खाली आणून, "मिशा रेफुजियानं चिकटवल्यात. म्हणाली, माझ्या भावाच्या मिशा वाकड्या नकोत."

दहा वाजले. वात पेटली. आणि तुम्हाला सांगतो, खोटं नाही सांगत, इतक्या वर्षांत असा यहूदा उडाला नाही! पैसे पूर्ण पोचले होते ना, बारूद पूर्ण भरली होती. मी जर बँकेत ठाण मांडलं नसतं, पस्तीस डॉलर भरले नसते, सहा दिवस खुर्चीत बसलो नसतो, तर वर नुसता टांगलेला राहिलो असतो, सुका, अब्रूनं! पण नाही, मीच एकेका डॉलरचा माग काढला आणि माझ्याच पोटात नेऊन भरला. टोपी विहिरीपलीकडं गेली. तिबुर्सियो टाळ्या वाजवत होता, डोळे पुसत होता. आणि खरं सांगू? मीही हसलो. काय करतो, चांगलंच उडालं होतं.

संपलं? नाही! सोमवारी बँकेतून बोलावणं. तपासणी खात्याला फाइल बंद करायची होती, कुणा जिवंत माणसाला इजा झाली नाही याचा पुरावा हवा होता. मी केटलिनला व्हिडिओ दाखवला. तिनं पडद्याकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. खांद्याकडं पाहिलं. पुन्हा पडद्याकडं.

"सर... हे तुम्हीच ना?"

"मीच."

तिनं फॉर्म काढला. उडवलेली व्यक्ती स्वतः हजर आहे, जिवंत आहे, आणि तिची काही तक्रार नाही, इथं सही करा. केली सही. सहीखाली एक रकाना होता, आपल्याला आणखी काही सांगायचं आहे का?

रिकामा सोडला.