पोटुशी माशी

"माश्याच नं त्या? दुसऱ्या आणून घे की!" … तुम्हाला सांगतो, आमच्या लॅबचे शिपाई गुंडोमामा माझ्या तोंडावर म्हणाले हे! कुठनं आणू? गुऱ्हाळावरनं? अहो, घरातली माशी वेगळी, ही वेगळी! ही कबुतराच्या पिसांत राहते, त्याचं रक्त पिते, खेकड्यासारखी तिरकी पळते, आणि अंडी घालत नाही! अळी पोटात वाढवते, बाईमाणसासारखी, आणि मग बाळंत होते. किती देते? एका वेळी एक!

मी मंदार, मूळचा कराडचा. बाकीचे मित्र चेन्नईत आयटीत, एसीत. आणि मी दोन वर्षं इथेच, अड्यारच्या एका लॅबमध्ये माश्यांना कबुतराचं रक्त पाजतोय. रोज! एक दिवस चुकलं की पटापट मरतात. मार्चला फेलोशिप संपते, तोवर साठ अळ्या झाल्या तर पीएचडी, नाहीतर कराड. आणि या बाया काय देतात? एका वेळी एक!

बरं, आज आयुधपूजा. इकडे या दिवशी हत्यारं, यंत्रं सगळी धुवायची, पुजायची, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. माझा विरोध आहे का? मुळीच नाही! मी म्हटलं, मामा, करा पूजा, मी तेवढ्यात टी. नगरच्या बाजारातून जाळीचं कापड घेऊन येतो. ही माझी चूक! परत येऊन बघतो तर मायक्रोस्कोपला गंध, फ्रिजला हार, कबुतरांच्या कपाळावर कुंकू, आणि अख्ख्या खोलीत सांब्राणीचा धूर! आपला ऊद हो, पण असा, की समोरचा माणूस दिसेना! कबुतरं खोकतायत, आणि माश्या? उताण्या. सगळ्या. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस!

मी ओरडलो. मी काय ओरडलो म्हणता! मामा तंजावरच्या जुन्या मराठी लोकांपैकी, भाषा आपलीच, पण शांत किती! "अय्यो सामी, धूर नाय घाटलं तर पूजा कसं पुरं होईल? तुझं माशांला पण दिष्ट लागूनये मणून जास्तीच घाटलं." जास्तीच! माझ्या माश्यांसाठी खास! मी म्हटलं, मामा, दोन वर्षं गेली माझी! एका वेळी एक, एका वेळी एक करत जमवलेल्या! आणि डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. धुरानं नव्हे.

तेवढ्यात मानेवर कचकन काहीतरी चावलं. हात उचलला मारायला, तर माझ्या गाईड कनकामॅडम, याही तंजावरच्याच, दारातून किंचाळल्या, "मंदार, मारू नको!" सकाळी पाजताना एक सटकली होती, ती माझ्या केसांत बसून टी. नगर फिरून आली होती. मॅडमनी चिमट्यानं धरली, उजेडात बघितली. "अय्यो, पोटुशी आहे रे!"

मी म्हटलं, चला, कबुतरावर सोडतो. तर मॅडम म्हणतात, "आज कसं? त्यांला कुंकू लागलं की. पूजेत बसलेलं कशाला पण उद्यापर्यंत हात नाय लावायचं." आणि ही उपाशी राहिली तर? "तुझं हात आहे की!" लॅबला कुलूप. डबी माझ्या हातात.

तर खोलीवर आलो, बाही वर केली, डबी हातावर उपडी घातली. चावली! सुईसारखी! हात लालभडक! आणि उठायचं नाव नाही. सणाचा दिवस, पोटात अन्न नाही, मीच दुसऱ्याचं जेवण झालेला. तशात आईचा फोन. म्हटलं, जगात एक तरी माणूस माझ्या बाजूचं असेल. सगळं सांगितलं, धूर, कुलूप, मॅडम… "आई, चावतेय गं! आग होतेय नुसती!"

आईनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"पोटुशी आहे ना? मग हात हलवू नकोस. पोटभर खाऊ दे तिला."

बसलोय. हलत नाही.