बाटलीतली वस्ती

रक्ततपासणीच्या रांगेत नंबर येईपर्यंत शिवणकामवाल्या काकू कान टवकारून बसल्या होत्या. खिडकीशी एक आजोबा उभे होते, आत नोंद करणारी मुलगी.

"अहो आजोबा, लघवी एवढी बाटली भरून आणतात का कुणी?"

"लघवी कसली! तळ्यातलं पाणी आहे. वाळकं गवत घालून दोन महिने जपलंय. यात जीव वाढतात, डोळ्यांना न दिसणारे."

"मग इथे कशाला आणलंत?"

"जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, पण सूक्ष्मदर्शक शाळेचा होता. तुमच्याकडे आहे ना? एक थेंब बघू दे, बाळ."

"असं नाही हो चालत. सोबत कुणाला तरी आणायचं. घरी कोण असतं तुमच्या?"

"तेच तर बघायला आलोय."