हरवलेला क्लास

चाकणच्या बसमध्ये पुढच्या सीटवरच्या दोघांनी लॅपटॉप उघडला, तसे विजयश्रीने कान टवकारले.

"रुपालीताई, बिलाचं सॉफ्टवेअर क्लास सापडत नाही म्हणतंय. बिलं निघेनात, कंपनीच्या गेटवर ट्रक अडकलेत."

"टेस्टिंगला चाललं होतं ना?"

"एकदम मस्त."

"नवीन आहेस म्हणून सांगते, तौसिफ. क्लास म्हणजे प्रोग्रामचाच तुकडा. त्याची फाइल लाइव्ह सर्व्हरवर टाकलीस?"

"अरे देवा! ती टेस्टच्याच सर्व्हरवर राहिली."

"टाक आणि सर्व्हर रिस्टार्ट कर."

"केला... थांबा हं... निघालं बिल! पण ताई, साहेबांना काय सांगू?"

"सापडला म्हणून सांग."

"हरवला कुणी, विचारलं तर?"

"दोघांनी मिळून. तपासायचं काम माझं होतं."

विजयश्रीला मोशीला उतरायचं होतं. मोशी केव्हाच मागे पडली होती.