थंबनेलवरची बकरी

थंबनेल बनवणं सोपं काम हाय असं कोणी म्हणलं, की मला ती बकरी आठवते.

वारंगा फाट्यावर माझं फ्लेक्सचं दुकान. आमच्या भागातले एक पुढारी, आमी त्यांना भाऊ म्हणतो, निवडणुकीसाठी व्हिडिओ टाकून राहिले होते. व्हिडिओवर आधी जो फोटो दिसतो, ते थंबनेल करायचं काम माझ्याकडं आलं.

मी पडलो फ्लेक्सवाला. मधी भाऊ हात जोडून, भोवती चौदा कार्यकर्ते मानाप्रमाणं लावले. मोबाईलवर त्यांची तोंडं तिळाएवढी दिसायची. बघणारेही तेवढेच, चौदा.

भाऊ चिडले. "यंदा पडलो तर तुझ्यामुळं पडलो म्हणून सांगीन!"

मलाही राग आला. कुरुंद्याच्या सभेत एक बकरी भाऊंच्या गळ्यातला हार खाताना फोटोत सापडली होती. बाकी सगळ्यांना काढलं आन थंबनेलवर फक्त भाऊ आन बकरी ठेवली.

दुसऱ्या दिवशी औंढ्याच्या बाजारात जो तो तोच व्हिडिओ बघून राहिला. लोक बकरीसाठी उघडायचे, पण भाऊंचं हळदीच्या भावावरचं भाषण शेवटपर्यंत ऐकायचे.

भाऊ खुश होऊन दुकानात आले. मागोमाग ते चौदा जण भांडायला आले. गलका चालू असतानाच एक म्हातारी आत शिरली.

"बकरी माझी हाय. तिचा फोटो टाकला, मग माझा काहून न्हाई?"

भाऊंनी तिला आपली खुर्ची दिली आन मला म्हणाले, "पुढच्या थंबनेलवर मावशीला घे. जागा कमी पडली तर मला काढ, पण बकरीला हात लावू नको!"